गंजलेली यंत्रे पुन्हा शेतात

अमेरिकेतील शेती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते प्रचंड ट्रॅक्टर आणि क्षितिजापर्यंत पसरलेली शेते. हे चित्र खोटे नाही. तथापि त्याच देशातील मॉन्टाना राज्यात, डोंगरांच्या कुशीतील काही खोऱ्यांत, एक निराळाच उद्योग चाललेला आढळतो. कुंपणाच्या कडेला, झुडपांत, कित्येक वर्षे गंजत पडलेली गवतकापणीची यंत्रे तेथील पशुपालक बाहेर ओढून काढतात, महिनेच्या महिने त्यांवर राबतात, आणि अखेर घोडे जुंपून ती शेतात नेतात. हा रिकाम्या माणसांचा छंद असावा असे कोणास वाटेल. त्यात हौस आहेच. परंतु हौसेपलीकडचेही काही आहे, आणि ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांस ते लवकर उमगेल.

मुळात ही यंत्रे तेथे का आली ते पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या प्रदेशात गुरांचे प्रचंड कळप मोकळ्या माळावर चरत. त्यांच्यासाठी गवत कापून साठवावे, ही चाल फारशी नव्हती. उन्हाळ्यात काय आणि हिवाळ्यात काय, जनावराने आपले पोट आपण भरावे अशी रीत होती. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, गवत खुरटले, आणि मागोमाग १८८६-८७ चा भयंकर हिवाळा आला. बर्फ पडले, किंचित वितळले आणि पुन्हा गोठून त्याचे टणक कवच झाले. खाली गवत असूनही गुरांस ते मिळेना. कित्येक कळपांतील निम्म्याहून अधिक जनावरे उपासाने मेली. एका मालकाने आपल्या कळपाची स्थिती पत्राने विचारली, तेव्हा चार्ल्स रसेल या तरुण गुराख्याने काढलेले एक लहानसे चित्र त्यास उत्तरादाखल गेले. हाडांचा सापळा झालेली एक गाय बर्फात उभी आहे आणि लांडगे वाट पाहत आहेत, एवढेच त्यात होते. रसेल पुढे मोठा चित्रकार म्हणून गाजला.

त्या हिवाळ्याने पशुपालकांस गवताची किंमत शिकविली. आता उन्हाळ्यातच गवत कापून, वाळवून, गंजी रचणे भाग झाले. आणि एवढे गवत विळ्याने कापणे मनुष्यबळाच्या आवाक्याबाहेरचे होते. कापणीयंत्राची कल्पना काही नवी नव्हती. सायरस मॅककॉर्मिक याने व्हर्जिनियात १८३१ मध्ये आपले धान्य कापण्याचे यंत्र चालवून दाखविले होते, आणि पुढील काही दशकांत गवतासाठीही निराळी यंत्रे निघाली होती. मॅककॉर्मिक, डीअरिंग व इतर काही कारखाने १९०२ मध्ये एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी झाली, आणि तिची यंत्रे खेडोपाडी पोहोचली. १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या शेतांवर अडीच कोटींच्या आसपास घोडे व खेचरे होती. १९६० मध्ये ती संख्या तीस लाखांच्या घरात आली. ट्रॅक्टर आला, त्याबरोबर घोड्यांची यंत्रेही गेली. पुष्कळशी १९४२ मध्ये युद्धासाठी भंगार गोळा करण्याची मोहीम निघाली त्यात वितळली. काहींची लांब लाकडी दांडी मध्येच कापून ती ट्रॅक्टरमागे बांधण्यात आली. उरली ती कुंपणाशी पडली.

असे एखादे यंत्र हाती आले म्हणजे काय करावे लागते? त्याची रचना वरवर पाहता सोपी आहे. दोन लोखंडी चाके, वर बसावयास लोखंडी बैठक, पुढे दोन घोडे. चाके फिरली की आतील दातेरी चक्रे फिरतात, आणि त्यांची गती पिटमन नावाचा एक दांडा पात्यास पोहोचवितो. हा दांडा बहुधा लाकडी असतो, कारण लाकूड हादरा सोसते. यंत्राच्या उजव्या बाजूस जमिनीलगत पाच-सहा फूट लांबीची एक पट्टी बाहेर निघालेली असते. तीवर लोखंडी बोटे बसविलेली, आणि त्या बोटांमधून त्रिकोणी पात्यांची माळ कात्रीसारखी इकडून तिकडे धावते. इंजिन नाही, तेल जाळणे नाही. घोडे थांबले की पाते थांबले.

दुरुस्तीचा पहिला शत्रू गंज. अडकलेले बोल्ट हातोड्याने ठोकणारा माणूस ते मोडून बसतो. जाणता माणूस त्यांत तेल सोडतो, दुसरे दिवशी पुन्हा सोडतो, थोडी आच देतो आणि वाट पाहतो. मग झिजलेले बुश बदलावयाचे, बोथट पात्यांचे रिव्हेट तोडून नवी पाती बसवावयाची, कुजलेली दांडी नव्या लाकडाची करावयाची. यंत्र पुष्कळ उशिराचे असेल, म्हणजे १९३० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या मॅककॉर्मिक-डीअरिंगच्या ‘नंबर नऊ’ जातीचे असेल, तर दैव बलवत्तर म्हणावयाचे. त्याची चक्रे बंद पेटीत तेलात बुडालेली असल्यामुळे बहुधा शाबूत सापडतात. आमिश पंथाचे लोक आजही घोड्यांनी शेती करतात. त्यांच्या कार्यशाळांतून सुटे भागही मिळतात.

एवढे झाले तरी यंत्र गवत कापीलच असे नाही. खरी विद्या येथून पुढे आहे. पाते एका टोकास पोहोचले की त्याचा प्रत्येक त्रिकोण बोटाच्या बरोबर मध्यावर यावयास हवा. रेसभर चुकला तरी गवत कापले न जाता चेपले जाते आणि घोड्यांच्या छातीवर ओढ वाढते. दुसरे, पट्टी चाकांशी काटकोनात सरळ बसवून चालत नाही. पाच फुटी पट्टीचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा सुमारे सव्वा इंच पुढे ठेवावे लागते, कारण गवताचा रेटा बसताच ते मागे ढकलले जाते आणि मग कोठे पट्टी सरळ होते. उभ्या यंत्राकडे पाहणाऱ्यास हे वाकडे बसविलेले वाटेल! पाते गवतात रुतले तर घोडे पुढे दामटावयाचे नाहीत. यंत्र हातभर मागे घ्यावयाचे, म्हणजे गवत लागण्याआधी पात्यास वेग येतो. आणि खाली उतरून पात्यास हात लावण्यापूर्वी चक्रे सोडवावयाची. घोड्याने एक पाऊल टाकले तरी बोटे जातात, आणि ती अनेकांची गेलीही आहेत.

यातील पुष्कळसे कारखान्याच्या जुन्या पुस्तिकांत छापलेले आहे. परंतु रेटा किती, हा प्रश्न गवत, जमीन आणि घोडे पाहून सोडवावा लागतो. आणि पात्याचा आवाज ऐकून बिघाड ओळखणे पुस्तिकेत येत नाही. ते ज्यांच्या कानांत होते ती माणसे एकेक करून निघून जात आहेत. म्हणूनच रंग देऊन अंगणात मांडून ठेवलेल्या यंत्रांविषयी मला विशेष कौतुक वाटत नाही. तांबडा-पिवळा रंग तीन दिवसांत देता येतो. यंत्र दुरुस्त झाले की नाही हे कापलेल्या गवताचा कडा पाहून ठरते.

आपल्याकडची गोष्ट याहून फार वेगळी नाही. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडेल या भयाने शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुढे तो नांगर घरोघरी झाला. आता तोही कित्येक गोठ्यांच्या मागे गंजत पडला असेल. पाभरीचे चाडे आणि नळ्या माळ्यावर सापडतील; पण चाड्यावर मूठ धरून सर्व नळ्यांत बी सारखे सोडणारा हात गावात किती जणांचा उरला आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजून पाहावे.

मॉन्टानात यंत्र मोडले तरी सांगाडा राहतो. लाकडी साधनांचे तसेही नाही. बिग होल खोऱ्यातील पशुपालकांनी गंजी रचण्यासाठी एक अजब साधन शोधून काढले आणि १९१० मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यास बीव्हरस्लाइड म्हणतात. पाइनच्या खांबांची सुमारे तीस फूट उंच, घसरगुंडीसारखी उतरती चौकट. घोडे दोर ओढतात, गवताने भरलेली पाटी उतारावरून वर चढते आणि माथ्यावरून गवत पलीकडे कोसळते. ऊन-बर्फाने ही चौकट कुजते, तेव्हा तिचा जीर्णोद्धार म्हणजे बहुतेक नव्याने बांधणेच होय. डीअर लॉज गावाजवळील ग्रँट-कोर्स ही जुनी पशुपालनाची वाडी १९७२ पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलेली आहे. तेथे घोड्यांची जुनी यंत्रे व ती चालविण्याची रीत, दोन्ही सांभाळण्यात येतात.

परंतु स्मारकाबाहेरही घोडा पुरता गेलेला नाही, याचे कारण हिवाळा. बिग होलचे खोरे सहा हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे, आणि तेथे पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे ट्रॅक्टर चालू होईलच याचा भरवसा नसतो. म्हणून काही वाड्यांवर अजूनही बर्फावरून घसरणाऱ्या गाडीस घोड्यांची जोडी जुंपतात. लगाम गाडीच्या खांबास गुंडाळलेला असतो, कारण हाकणाऱ्याची गरज नसते. घोडे आपल्या चालीने पुढे जातात, माणूस दोन्ही हातांनी काट्याने गवत खाली टाकीत राहतो, आणि मागे गुरांची रांग लागते.