धूर पुरायचा, पण कुणाचा?

कार्बन डाय-ऑक्साइड पकडून जमिनीत गाडायचा, हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "वा, सुटला की प्रश्न!" आणि दुसरी, "उद्या तो वर आला म्हणजे?" मला दुसरीची फारशी धास्ती वाटत नाही. पहिलीची वाटते.

नॉर्वेजवळच्या समुद्रात स्लाइप्नर नावाचं वायूक्षेत्र आहे. तिथला नैसर्गिक वायू सुमारे ९ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड सोबत घेऊनच वर येतो. तसा तो विकता येत नाही, त्यामुळे वेगळा काढावाच लागतो. १९९१ मध्ये नॉर्वेने कार्बनवर कर बसवला आणि तो नुसता हवेत सोडणं महाग पडू लागलं. मग १९९६ पासून कंपनी तो समुद्रतळाखाली, खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात ढकलू लागली. वर्षाला साधारण दहा लाख टन. वर घट्ट झाकणासारखा शेलचा थर आहे, आणि त्याखाली हा वायू निवांत बसलेला भूकंपलहरींच्या चित्रांत दिसतो. म्हणजे गाडता येतं. यात वाद नको.

पण एके ठिकाणी जमलं म्हणून सगळीकडे जमतं असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या बॅरो बेटावर गॉर्गन प्रकल्पाचा वायू २०१६ मध्येच निघायला लागला; गाडायला सुरुवात व्हायला मात्र ऑगस्ट २०१९ उजाडलं. खालचा दाब आटोक्यात ठेवायला त्या थरातलं पाणी उपसावं लागतं, आणि त्या व्यवस्थेत अडकली वाळू! (वाळूने बुजलेली बोअर आपल्याला नवी नाही.) ठरलं होतं वर्षाला सुमारे ४० लाख टन. २०२३-२४ मध्ये जेमतेम १६ लाख गाडले गेले.

टेक्सासचा पेट्रा नोव्हा त्याहून मजेशीर. कोळशाच्या वीजकेंद्राचा धूर २०१७ पासून पकडायचा आणि जुन्या तेलविहिरीत सोडून आणखी तेल वर काढायचं. २०२० मध्ये तेलाचा भाव पडला, तशी धूर पकडणंही बंद! २०२३ मध्ये पुन्हा सुरू. व्यसनमुक्ती केंद्राचा खर्च गुत्त्याच्या गल्ल्यातून चालवावा, तसं काहीसं हे.

एकूण हिशोब केला तर जगभरची पकडण्याची क्षमता वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास. ऊर्जेपायी आपण सोडतो ते ३,७०० कोटी टनांहून जास्त. एवढीशी जागा असताना ती कुणाला द्यायची, हा माझा खरा मुद्दा. माझं मत विचाराल तर सिमेंटला. चुनखडी भाजली की तिच्यातूनच हा वायू निघतो, मग भट्टी कशावरही पेटवा. नॉर्वेत ब्रेव्हिकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून वर्षाला चार लाख टन पकडायची सोय झाली आहे. तिथून तो जहाजाने जाऊन समुद्राखाली पुरला जातो. विजेचं तसं नाही. तिला ऊन आहे, वारा आहे. कोळशाच्या चिमणीला हे औषध दाखवून तिचं आयुष्य वाढवायचं, याला माझा विरोध आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात हा वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्के वायूचा दगड झाला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. खरोखर थक्क करणारं काम. आपलं दख्खनचं पठार म्हणजे बेसाल्टच, त्यामुळे "आपल्या पायाखाली तिजोरी आहे" असं म्हणणारे उत्साही लोक भेटतात. त्यांनी एक आकडा जरूर पाहावा: तिथे एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागलं. खालूनच उपसून ते पुन्हा वापरता येईल म्हणे. पण आधी खाली असायला हवं ना! समुद्राच्या पाण्याचेही प्रयोग झाले आहेत, ते कोकणाला ठीक. मराठवाड्याचं काय?

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पुढे पुढे गाडीच्या एका खेपेत २५ लाख लिटर जायचं. आइसलँडच्या हिशोबाने तेवढ्यात शंभर टन वायू जिरतो. पाचशे मेगावॅटचा कोळशाचा एक संच पूर्ण चालला तर तेवढा तो पाव तासात सोडतो.