आंग्रियाला जायचं, पण कसं?

मंडळी, पोस्ट लांबली आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी दर्यावर जातं त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

दोन-तीन वर्षांपासून आपल्याकडे नवी टूम निघाली आहे. चार मित्र जमवायचे, बोट ठरवायची आणि तीन-चार दिवस आंग्रिया बँकेवर गरवायला जायचं. परत आलं की दोन हातांत न मावणारा गोबरा धरून फोटो. जायला माझी अजिबात ना नाही. मी स्वतः गेल्या मोसमात मित्राच्या बोटीने तीन रात्री राहून आलोय. कसं जायचं आणि तिथे काय करायचं, याचा नियम आपणच आत्ता ठरवला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. नाहीतर तो दुसरं कोणीतरी ठरवेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आंग्रिया बँक म्हणजे पैशाची बँक नव्हे. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्राखाली एक पठार आहे, साधारण ४० किलोमीटर लांब आणि १५ रुंद. माथ्यावर पाणी जेमतेम २० मीटर. त्यावर प्रवाळ आहे, जिवंत. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. २०१८ साली मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली तिचं नाव आंग्रिया ठेवलं, तेव्हा आपल्यातल्याच बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. तांडेल लोकांना मात्र ही जागा बापजाद्यांपासून ठाऊक.

रात्री दहाला निघालो तर उजाडताना पोचलो. देवगडचा दिवा मागे पडला, मग मोबाईलची रेंज गेली. सकाळी पाणी असं निळं की आपला किनाऱ्याचा हिरवट समुद्र तो हाच का असं वाटावं. खलाशी नांगराकडे वळला तसा तांडेल ओरडला, "हय नांगर टाकू नको रे, गावाचो नाय!" त्याची काळजी नांगराची. खडपात अडकला की दोर कापून यावं लागतं. पण यातच प्रवाळाचीही काळजी आपोआप घेतली जाते. नांगर एकदा टेकून ओढला गेला की खालचं प्रवाळ मोडतं, आणि ते वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर वाढणारं. आम्ही तीनही दिवस इंजिन न्यूट्रलला ठेवून बोट वाऱ्यावर सोडायचो, पठारावरून वाहत गेलो की फिरून पुन्हा वर यायचं. डिझेल जास्त जातं, हे खरं. हौशी पार्ट्यांना तेच नको असतं. भाड्याचे पैसे मोजलेत, एका जागी निवांत बसायचंय, टाक नांगर. वर येताना त्याला प्रवाळाचा तुकडा लागून आला तर तो शोकेससाठी घरी. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. वाघाचं नख घरात ठेवायला घाबरतो तो माणूस हा तुकडा टीव्हीशेजारी मांडतो.

आता माशांचं. सुरमई, कुपा हे फिरते मासे. आज इथे, उद्या कुठे. त्यांना ओढत्या गरीवर घ्या, फार बिघडत नाही. गोबरा तसा नाही. तो आपलं बीळ धरून राहतो, सावकाश वाढतो. बऱ्याच जातींमध्ये तो आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे फोटोसाठी जो सगळ्यात मोठा आपण उचलतो तो बहुधा त्या खडपावरचा नर. असे चार-पाच नेले की मागे माद्या उरतात आणि पुढची वीण अडते. त्यात हल्ली जीपीएसचे पॉइंट व्हॉट्सॲपवर फिरतात. पूर्वी तांडेल आपला पॉइंट सख्ख्या भावाला सांगत नसे. कंजूसपणा वाटायचा, पण त्या कंजूसपणावरच ती खडपं टिकली.

"आम्ही पकडून सोडून देतो" असं सांगणारेही भेटतात. हेतू चांगला आहे, पण २५-३० मीटरवरून झटकन वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, पोट तोंडातून बाहेर येतं. पाण्यात सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, उलटा तरंगत राहतो. त्याला वजन लावून खोल उतरवून सोडावं लागतं. ते करणारा मी आमच्या बोटीवरचा एक मित्र सोडला तर अजून पाहिलेला नाही. तो शिशाचं वजन आणि उलटा वाकवलेला हुक घेऊनच आला होता. पहिल्या दिवशी आम्ही हसलो, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे मागायला लागलो.

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे. एलईडीवाले एका रात्रीत टनांनी मासळी उपसतात, ते दिसत नाही आणि आमचे चार गोबरे दिसतात? बरोबर आहे. आम्ही होतो तेव्हाही दुसऱ्या रात्री पश्चिमेला असा उजेड होता की एखादं शहर वसलंय वाटावं. एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ पासून आहे. पण राज्याचा कायदा १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे २२ किलोमीटरपर्यंत. आंग्रिया त्याच्या कितीतरी बाहेर. तिथला मालक दिल्ली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने त्या पट्ट्यासाठी नवे नियम काढले, यांत्रिक बोटींना पास, एलईडीला मनाई. कागदावर चांगलं आहे. पण आपण गाऱ्हाणं घेऊन जायचं तर हात स्वच्छ हवेत. ज्याच्या प्रोफाइलवर दहा-दहा गोबऱ्यांची रांग आहे त्याने एलईडीविरुद्धच्या निवेदनावर सही केली तर समोरचा अधिकारी हसेल.

आणि मला खरी भीती वेगळीच आहे. मालवणचं सागरी अभयारण्य आठवा. १९८७ साली २९ चौरस किलोमीटरवर रेघ मारली गेली आणि तेव्हापासून मच्छीमार आणि सरकार यांच्यातला अविश्वास काही मिटला नाही. आंग्रियाला संरक्षण द्यावं अशी चर्चा बरीच वर्षं आहे, पाण्याखाली उतरून पाहणीही झाली आहे. उद्या तिथेही रेघ ओढली गेली तर पहिला बाहेर कोण पडेल? एलईडीवाला रात्री येऊन जाईल. अडेल तो दिवसाढवळ्या हातगरीने मासे धरणारा आपला माणूस.

म्हणून माझं मत: आंग्रियावर फक्त गरी. जाळं नको, लाइट नको, पठाराच्या माथ्यावर नांगर नको. हौशी पार्टीला माणशी माशांची मर्यादा, मोठे गोबरे परत खाली. हे आधी आपल्या सोसायट्यांनी ठराव करून पाळायचं आणि मग तोच ठराव घेऊन वर जायचं.

एक गोष्ट हौशी लोकांना खास सांगायची आहे. मासेमारी बोटीचं लायसन्स मासेमारीसाठी असतं, प्रवासी नेण्यासाठी नाही. पैसे घेऊन नेणाऱ्याला आधी विचारा, माणशी लाइफ जॅकेट आहे का, वायरलेस चालतो का. आमच्या बोटीवर सात माणसं होती आणि सात जॅकेट. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर तिथे मोबाईलवर लागणार नाही, तो घरच्यांकडे लिहून ठेवा, परत यायची वेळही. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या, त्या खलाशांचे चेहरे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एक जूनला बंदी लागेल, बोटी वर ओढल्या जातील. त्या दोन महिन्यांत सगळे किनाऱ्यावर असतात. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. आंग्रियाला जाऊन आलेल्यांनी, विशेषतः म्हाताऱ्या तांडेलांनी, त्या दिवशी यावं. विरोध असेल तर तोही तिथेच करावा.