वर्षावासानंतर विहाराला कुलूप नको



भाद्रपद सरत आला. गावोगावच्या विहारांतील वर्षावासाचे ग्रंथवाचन आता शेवटच्या प्रकरणांकडे आले असेल. आषाढी पौर्णिमेला सुरू झालेला हा क्रम अश्विन पौर्णिमेला संपेल. तीन महिने रोज संध्याकाळी बायाबापे, पोरेसोरे एकत्र बसतात. कुणीतरी मोठ्याने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो, बाकीचे ऐकतात. मग समारोप होतो, खीरदान होते, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून विहाराला कुलूप लागते. ते उघडते 6 डिसेंबरला, नाहीतर थेट जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीला!

नेमक्या याच दिवसांत आपल्या शाळकरी मुलांना विहारातल्या त्या एका तासाची सर्वांत जास्त गरज असते. म्हणून यंदाच्या कार्यक्रमांची आठवण देताना मी एक मागणी करणार आहे. अश्विन पौर्णिमेनंतरही तोच तास, तीच सतरंजी आणि तोच दिवा मुलांसाठी चालू ठेवा.

आधी कार्यक्रम पाहू. अशोक विजयादशमी आणि 14 ऑक्टोबर, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन, यांविषयी वेगळे सांगायला नको. 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. 26 नोव्हेंबरला संविधान दिन, 28 नोव्हेंबरला महात्मा जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन आणि 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. यातच शाळेची सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म येतात. मंडप, ध्वज, वाहन आणि भोजनदान यांच्या समित्या आपल्याकडे चटकन तयार होतात. फॉर्मची समिती मात्र कुठेच नसते.

आता आपल्या खान्देशातली गोष्ट. दसऱ्याच्या आगेमागे कापूस फुटतो. जळगाव, धरणगाव, पारोळा, चोपडा, शिरपूर, शिंदखेडा, कुठेही जा, वेचणीला माणूस मिळत नाही. मजुरी किलोवर असते. जितके हात जास्त तितके पैसे जास्त. मग सातवी-आठवीतली मुलगी आईबरोबर शेतात जाते. सुरुवातीला रविवारी, मग शनिवारी, मग बाजाराच्या आदल्या दिवशी. दिवाळीची सुट्टी संपते, शाळा भरते आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी वाढत जाते. एका माउलीला मी याविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, पोर शाळामा गयी त कापूस कोन येची?” तिचा प्रश्न खोटा नाही. हातावर पोट असणाऱ्याला उपदेश करून भागत नाही.

पण मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून, हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला शाळेत एन.एम.एम.एस. म्हणतात, ती आठवीतल्या मुलांसाठी असते. शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा अनुदानित शाळेत शिकणारा विद्यार्थी तिला बसू शकतो. सातवीला 55 टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50 टक्के. आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे 48,000. आता त्या मुलीच्या दोन महिन्यांच्या वेचणीचे किती होतात ते आपण सर्वजण जाणतो. शाळेकडून फॉर्म भरण्याचे दिवस वेचणीच्या हंगामातच येतात आणि परीक्षा साधारण डिसेंबरात होते. जी मुलगी त्या आठवड्यात शेतात असते, तिला फॉर्म निघाल्याचे कळतही नाही.

या परीक्षेत दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, प्रत्येकी 90 गुणांचे. पहिला पेपर पाठांतराचा नाही, सरावाचा आहे. आकृत्या आणि संख्यांच्या मालिका रोज थोड्या सोडवल्या की मुलांचा हात बसतो. शहरात यासाठी क्लास लावतात. आपल्या वस्तीत बारावीला किंवा कॉलेजात असलेली पाच-सहा मुले-मुली असतातच. त्यांनी विहारात आठवड्यातून तीन संध्याकाळी एकेक तास दिला, तर वस्तीतल्या आठवीच्या सगळ्या मुलांचा सराव होतो. एक फळा, खडू आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स एवढाच खर्च. डीजेच्या एका तासाचे भाडे याहून जास्त असेल! (या वाक्याने काही तरुण मित्र रागावतील. रागावू द्या, पण फळा घ्या.)

दुसरी परीक्षा पूर्वीपासून आपल्या ओळखीची आहे, शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा. काही वर्षे ती पाचवी व आठवीला होती. 2025 मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचा निर्णय केला. त्यामुळे पालकांचा गोंधळ उडू शकतो. आपल्या पाल्याचा वर्ग यंदा त्यात येतो की नाही, हे वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. शेजारच्याने सांगितले म्हणून गप्प बसू नये.

आता कागदपत्रांकडे येतो, कारण माझा जन्म त्यातच गेला आहे. फॉर्म अडतात ते बहुधा गुण कमी म्हणून नव्हे, नावामुळे. शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘सिद्धार्थ’, आधार कार्डावर ‘सिध्दार्थ’, बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. वडिलांचे नाव कुठे ‘भीमराव’, कुठे नुसते ‘भिमा’. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला तीन माणसे दिसतात आणि पैसे खात्यावर येत नाहीत. हे दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून ते दिवाळीच्या आधी बघायचे.

7 नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस या कामासाठी मला फार योग्य वाटतो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये 1914 क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे. महाराष्ट्र शासनाने 2017 मध्ये हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरवले. शाळेत त्या दिवशी भाषणे आणि निबंध होतील. आपण पालकांनी एक काम जास्तीचे करू. मुख्याध्यापकांना विनंती करून आपल्या मुलाची जनरल रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी पाहू. नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जात बरोबर लिहिली आहे का? शाळेत असतानाच चूक दुरुस्त करून घेणे सोपे असते. दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते.

जातीच्या रकान्याविषयी आपल्यात नेहमी वाद होतो. कुणी ‘बौद्ध’ लिहितो, कुणी ‘महार’, कुणी ‘नवबौद्ध’. 1990 साली केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तेव्हा धर्म लिहायला घाबरण्याचे कारण नाही. पण जात प्रमाणपत्रासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला असेल तर उत्तम. ते शाळेतच गेले नसतील, तर तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. मूळ पुराव्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका, मग तो एजंट कितीही गोड बोलो.

वेचणीपेक्षा मोठे संकट ऊसतोडीचे आहे. चाळीसगाव आणि साक्रीकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात. धुळे-जळगावच्या वस्त्यांतून वीटभट्टीवर जाणारेही कमी नाहीत. मुले बरोबर जातात आणि त्यांचे वर्ष बुडते. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी-आजोबा किंवा नातेवाइकांकडे मूल गावीच राहते आणि त्याच्या जेवणाची सोय केली जाते. याची मागणी कुटुंबे निघून जाण्याआधी शाळेमार्फत जावी लागते. गाव रिकामे झाल्यावर यादी कोणाची करणार? मूल न्यायचेच झाले, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या आणि तिकडच्या शाळेत दाखवा. दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट लिहिले आहे.

त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. आपल्या किती भगिनींना ठाऊक आहे की आपण या समितीच्या सदस्य आहोत? कधीतरी रजिस्टरवर अंगठा किंवा सही घेतली गेली, एवढेच त्यांना आठवते. 26 नोव्हेंबरला शाळेत उद्देशिकेचे वाचन होते. त्या दिवशी मजुरीवरून दोन तास मोकळे काढून शाळेत जा, मुलांबरोबर उभे राहून वाचा आणि निघताना मुख्याध्यापकांना विचारा, “सर, समितीची पुढची बैठक कधी आहे?” एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ काही हलते.

विहारातल्या तासाला मुलांबरोबर त्यांच्या आज्याही येतील. त्यांनाही बसवा. केंद्र शासनाचा ‘उल्लास’ नावाचा साक्षरता कार्यक्रम 2022 पासून 2027 पर्यंत आहे. पंधरा वर्षांवरील कोणीही निरक्षर त्यात शिकू शकतो आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवक असतात. शेवटी वाचन, लेखन आणि अंकज्ञान अशी 150 गुणांची परीक्षा होते. नावनोंदणी जवळच्या शाळेत होते. नववीतल्या नातीने आजीला सही शिकवावी, याहून चांगले अभिवादन 28 नोव्हेंबरला कोणते असेल?

शेवटी प्रवासाविषयी. नागपूरला आणि पुढे 6 डिसेंबरला चैत्यभूमीला आपल्या भागातून हजारो लोक जातील. भुसावळ, जळगाव, पाचोरा आणि चाळीसगाव मुंबईच्या मुख्य मार्गावरच आहेत, धुळ्याचे लोक चाळीसगावला येऊन गाडी धरतात. चाळीसगाव म्हटले की मला 1929 चा ऑक्टोबर आठवतो. सरकारने नेमलेल्या समितीच्या कामासाठी बाबासाहेब खान्देशात आले होते आणि चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना रात्री मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवर टांगे पुष्कळ, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. अखेर एकाने टांगा दिला, पण हाकायचा तुमचा तुम्ही, असे सांगितले. आपल्यातलाच एकजण हाकायला बसला, त्याला सवय नव्हती. नदीच्या मोरीवर बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत गेला. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. पाहुण्याच्या मानासाठी त्याचा जीव धोक्यात घातला गेला, हे त्यांनी त्यात लपवलेले नाही.

आज टांगे नाहीत, पण उघड्या मालवाहू टेम्पोत पन्नास माणसे कोंबणे, रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरला पुन्हा स्टिअरिंगवर बसवणे, टपावर झेंडे घेऊन तरुणांनी बसणे हे सगळे आपण दरवर्षी पाहतो. स्वयंसेवकांनो, गाडीत माणसे मोजूनच बसवा. दोन ड्रायव्हर घ्या. लहान मुलांच्या खिशात नाव, गाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जिथे बाबासाहेब 1937 साली मुक्कामाला होते, 31 जुलैच्या गर्दीत ज्यांनी बंदोबस्ताचे काम केले असेल, त्यांना हरवलेले मूल म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. आठवीतल्या मुलाला चैत्यभूमीला नेण्याआधी त्याच्या परीक्षेची तारीख जरूर पाहा.

अश्विन पौर्णिमेच्या समारोपाच्या दिवशीच विहारात एक वही ठेवा. कोण कोणत्या वारी शिकवील, कोण शाळेत जाऊन फॉर्मची चौकशी करील, कुणाची मुले वेचणीला किंवा तोडीला जाणार आहेत, हे त्याच दिवशी नावानिशी लिहून घ्या. विहाराची किल्ली कुणाकडे राहील तेही लिहा, कारण अडते ते तिथेच. पालकांनी येताना मुलांचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि मागच्या वर्षाचे प्रगतिपुस्तक बरोबर आणावे. उत्पन्नाचा दाखला नसेल, तर सेतू केंद्रावर गर्दी होण्याआधी काढून घ्यावा.

पुढील आठवड्यात कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसील कचेरीत अर्ज कसा लिहावा, त्याचा नमुना याच सदरात देईन.