ओळख इंग्रजी शब्दांची : ‘ओ’ म्हणजे देणे लागणे

एका वाचक भगिनीने आम्हाला विचारले आहे : ‘मुलगी नववीत आहे. “माझ्याकडे सलमाचे शंभर रुपये आहेत” या वाक्याचे इंग्रजी तिने “आय हॅव सलमाज हंड्रेड रुपीज” असे केले. बाईंनी त्यावर फुली मारली. यात चुकले काय?’

मुलीचे व्याकरण चुकलेले नाही, अर्थ चुकला आहे. आपल्या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. सलमाने शंभर रुपये सांभाळायला दिले असतील तर ती अमानत झाली. तिथे ‘आय हॅव’ चालेल. पण सलमाकडून उसने घेऊन खर्च केले असतील तर ते कर्ज झाले. नोट हातात नाही, तरी देणे आहे. या अवस्थेला इंग्रजीत एक छोटेसे क्रियापद आहे. त्याचे स्पेलिंग ओ, डब्ल्यू, ई आणि उच्चार नुसता ‘ओ’. म्हणून वाक्य होईल, ‘आय ओ सलमा अ हंड्रेड रुपीज’. आधी माणूस, मग रक्कम. क्रम उलटा केला तर माणसाच्या आधी ‘टू’ लागतो : ‘आय ओ अ हंड्रेड रुपीज टू सलमा’.

भूतकाळी रूप ‘ओड’. तो किंवा ती कर्ता असेल तर ‘ओज’. याला ‘-इंग’ लावून ‘आय ॲम ओइंग’ असे मात्र म्हणू नये. देणे ही चाललेली क्रिया नाही, फिटेपर्यंत टिकणारी स्थिती आहे. अर्ज-पत्रांत ‘ओइंग टू’ दिसते, त्याचा अर्थ वेगळा : ‘च्यामुळे’. ‘ओइंग टू हेवी रेन’ म्हणजे जोरदार पावसामुळे.

आता जवळचे शब्द. ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे. पुष्कळ जण तो ‘ओ’च्या जागी वापरतात. पण ‘बॉरो’ एका दिवसात संपते, ‘ओ’ पैसे परत करेपर्यंत संपत नाही. ‘ड्यू’ हे विशेषण देय रकमेला लागते : ‘द रेंट इज ड्यू’, म्हणजे भाडे द्यायची वेळ झाली. ‘बी इन डेट’ म्हणजे कर्जात असणे. यातल्या ‘डेट’च्या स्पेलिंगमध्ये ‘बी’ आहे, पण त्याचा उच्चार करायचा नाही. ‘बी इंडेटेड’ बहुधा उपकारांसाठी वापरतात, आपल्या ‘ऋणी आहे’सारखे.

‘ओ’ पैशांपुरते थांबत नाही. ‘आय ओ यू ॲन अपॉलॉजी’ म्हणजे मी तुमची माफी मागायला हवी, ती माझ्याकडून यायची राहिली आहे. ‘आय ओ माय एज्युकेशन टू माय मदर’ म्हणजे माझे शिक्षण झाले ते आईमुळे. या दुसऱ्या प्रकारात बहुधा ‘टू’ येतो.

या शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजीत ‘ओ’चा अर्थ चक्क ‘जवळ असणे’ असा होता. मालकी सांगणारे ‘ओन’ त्याच मुळातून आले. ‘करायला हवे’ असे सांगणारे ‘ऑट’ हे तर ‘ओ’चेच जुने भूतकाळी रूप. जवळ आहे, पण दुसऱ्याचे आहे, म्हणून द्यायला हवे : तिन्ही अर्थ एकाच घरचे. तेव्हा बाईंनी फुली मारली ती बरोबरच, पण मुलगी फार लांब गेली नव्हती.

हे लिहिताना एक प्रसंग आठवला. नात्यातल्या एका निकाहात कागद भरायला आम्हाला बसवले. महरच्या रकमेपुढे आम्ही देवनागरीत ‘मुअज्जल’ लिहिले. शेजारी बसलेल्या खालांनी विचारले, ‘कुठला मुअज्जल, बेटा?’ आम्ही गप्प. उर्दूत या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक ‘ऐन’ने लिहितात, त्याचा अर्थ लगेच द्यायचा. दुसरा ‘हमजा’ने लिहितात, त्याचा अर्थ मुदतीने द्यायचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. इंग्रजीत मात्र ‘प्रॉम्प्ट’ आणि ‘डिफर्ड’ असे वेगळे शब्द आहेत. आम्ही पुढे ‘लगेच देय’ असे साध्या मराठीत लिहिले, तेव्हा खालांनी मान डोलावली.

त्या रात्री घरी येऊन आम्ही स्वतःचा निकाहनामा काढला. पंचवीस वर्षांपूर्वीचा. महर 5,000 रुपये, मुदतीचा. इतक्या वर्षांत घर झाले, दागिने झाले, पण ‘हा तुझा महर’ म्हणून एक रुपयाही हातावर ठेवला नव्हता. सौ.ना विचारले, ‘तुला आठवतो का?’ त्या म्हणाल्या, ‘मला आठवतो. तुम्ही कधी विचारले नाही.’

आपण ‘महर दिला’ असे म्हणतो आणि ती जणू भेट वाटते. मग कुठे कुठे नवऱ्याच्या जनाज्याशेजारी बायकोला ‘माफ केला ना?’ असे विचारले जाते. त्या घडीला कोणती बाई ‘नाही’ म्हणेल? भेटीला ‘गिव्ह’ हे क्रियापद शोभते. महरचे क्रियापद ‘ओ’ आहे. तो पत्नीचा हक्क आहे, नवऱ्याकडे राहिलेला. माफ करायचा तर तिने, आपल्या खुशीने.

आमची रक्कम दुसऱ्याच दिवशी दिली. उशीर झाला त्याबद्दल वेगळे वाक्य लागले : ‘आय ओ यू ॲन अपॉलॉजी’. ते आम्ही मराठीत म्हटले.

या महिन्याचा गृहपाठ : ‘आय ओ’ने सुरू होणारी तीन वाक्ये लिहा. एक पैशांचे, एक माफीचे, एक आभाराचे. वाक्ये खरी असू द्या. वही तपासायला आमच्याकडे पाठवू नका. ज्यांची नावे त्यात येतील, त्यांच्याकडे आधी जा.