ऐकणारा नसला तरी आवाज असतोच

ऐकायला कोणीच नसेल तर आवाज होतो का? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो, पण बारामती-इंदापूरच्या माळरानांवर तो व्यवहाराचा होतो. कडबनवाडी, शिर्सुफळ, चिंकारांसाठी 1997 साली जाहीर झालेले सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, अशा मुरमाड, कुसळी गवताच्या पट्ट्यांत लांडगे राहतात. रात्री ते एकमेकांना साद घालतात तेव्हा आसपास सहसा माणूस नसतो. मेंढ्यांचा वाडा बसलेला असेल तर धनगर कान देतो, त्याची कुत्री सावध होतात. वाडा पुढच्या मुक्कामाला हलला की तेही कान उरत नाहीत. म्हणून ती साद झालीच नाही, असे मला मुळीच मान्य नाही. आवाज आधी घडतो, ऐकणे मागाहून येते.

भारतीय लांडग्यांच्या आवाजांवर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या लांब आरोळीची सरासरी कंप्रता सुमारे 420 हर्ट्झ आणि लांबी सुमारे 5 सेकंद आढळली. ध्वनिमुद्रणाच्या आलेखात अशी आरोळी किंचित लहरत जाणाऱ्या रेषेसारखी उमटते. तिच्या खाली वाऱ्याची धूसर पट्टी, वर रातकिड्यांची सलग रेघ. यंत्र काही ऐकत नाही, त्याचा पडदा हवेच्या दाबासरशी हलतो इतकेच. तरीही आरोळी कधी सुरू झाली, किती चढली, किती टिकली हे सारे त्यात नोंदले जाते. आवाज ऐकणाऱ्यामुळे घडत असता, तर कोणी ऐकण्याआधीच हा तपशील आला कुठून? शिवाय ध्वनीला किलोमीटरभर जायला सुमारे 3 सेकंद लागतात. दोन किलोमीटरवरच्या कानावर आरोळी पडू लागते, तोवर लांडगा गप्पही झालेला असतो. आपल्या नैयायिकांनीही शब्द आधी उत्पन्न होतो आणि लाटेमागून लाट उठत कानापर्यंत पोहोचतो, असे मानले होते.

यावर आक्षेप असा, की बाहेर असते ते नुसते कंपन. त्याचा आवाज होतो तो मेंदूत. यात तथ्य आहे. आरोळीची भीती किंवा तिचा गोडवा ऐकणाऱ्याच्याच मनात असतो. पण मग कोणाचा मेंदू प्रमाण मानायचा? माणसाच्या कानाची मर्यादा साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ. वटवाघळे त्यापलीकडच्या ध्वनीने किडे टिपतात, आणि काही पतंग तोच ध्वनी ऐकून जीव वाचवतात. कोणताच जीव नसला तरी मुद्दा बदलत नाही. 1883च्या क्राकाटोआच्या स्फोटाची दाबलहर, जिथे कोणाला काही ऐकू आले नाही अशा ठिकाणीही, वायुभारमापकांवर उमटली. तिथे अनुभव नव्हता, घटना मात्र होती.

हा केवळ शब्दांचा वाद राहत नाही, कारण आपले नियम माणसाच्या कानापाशीच थांबतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र असे चार विभाग आहेत. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. माळरानासाठी वेगळा विभागच नाही. सरकारी नोंदींत गवताळ जमिनी बहुधा पडीक म्हणून मोजल्या जातात. जमीन पडीक, तक्रार करणारा कोणी नाही, म्हणजे गोंगाटही नाही, असा हिशेब होतो. पण वाहनांचा घरघराट वाढला की साद पोहोचण्याचे अंतर घटते, आणि कळपाला एकमेकांचा माग ठेवणे अवघड होते. रस्ते, कारखाने होऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. या तालुक्यांना रोजगार हवाच. मागणी इतकीच आहे, की माळावरच्या कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला परवानगी देण्याआधी तिथल्या रात्रींचे ध्वनिमुद्रण निदान वर्षभर, सर्व ऋतूंत व्हावे आणि ते पर्यावरण अहवालाला जोडले जावे. जे आपल्याला ऐकू येत नाही, त्याचीही नोंद ठेवणे हे शासनाचे काम आहे.