टेबल टाकू नका, आम्हाला द्या

घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवायची गोष्ट आम्ही मोठ्या गटाने वर्गात काढली, तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न होता, "तेवढ्या पैशांत ओचानोमिझूला तयार मिळते, मग हा खटाटोप कशाला?" प्रश्न बरोबर आहे. ग्योतोकुहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून मारुनोउची लाइनने ओचानोमिझू. दुकानांत जुन्या गिटारी रांगेने टांगलेल्या दिसतात. फक्त वाजवायची असेल तर तीच घ्यावी. तरीही आमचं मत बनवण्याच्या बाजूचं आहे.

सतारीला भोपळा लागतो, कारण आवाज त्यात घुमतो. भरीव गिटारीला पोकळी लागत नाही. पोलादी तार हलली की तिच्याखालच्या लोहचुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेत वीज निर्माण होते. तिचा आवाज अँप्लिफायर करतो, नाहीतर हेडफोन. म्हणजे धडाला घट्ट फळी पुरते, आणि रात्री वाजवलं तरी शेजारी तक्रार करणार नाहीत. (पेटीबद्दल असं म्हणता येत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.)

फळी मात्र पारखून घ्यावी. आम्ही आधी पुस्तकांच्या जुन्या कपाटाची घेतली. ती भुसा दाबून केलेली निघाली. स्क्रू पिळताच भोक फुटलं. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४० किलो असतो, तो भुसा कसा पेलणार? लाकूड अस्सल हवं. टेबलाच्या पाट्याचे दोन तुकडे एकावर एक चिकटवून साधारण ४५ मिलिमीटर जाडी केली की झालं. होम सेंटरमध्ये थोडक्या येनांत फळी कापून देतात, पण फक्त सरळ रेषेत. मग गिटार चौकोनीच करू! बो डिडली यांची प्रसिद्ध गिटार तशीच होती.

दांडी मात्र विकतच घ्यावी, यावर आम्ही ठाम आहोत. ६४८ मिलिमीटरच्या तारेला पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, आणि घोडीकडे जाताना अंतरं कमी कमी होत जातात. तिथे एका मिलिमीटरची चूकही कानाला खटकते. १९५० च्या सुमारास लिओ फेंडर यांनी दांडी स्क्रूंनी धडाला जोडली, म्हणून आज सुटी दांडी घेऊन बसवता येते.

'क्वीन'चे ब्रायन मे यांनी (त्यांचे साथीदार फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकले!) १९६३ साली वडिलांबरोबर आपली गिटार करायला घेतली. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, धडात जुन्या टेबलाचं ओक, खुणांना आईच्या शिंपल्याच्या गुंड्या. त्यांनी दांडीही घरीच केली हे खरं. पण त्यांना सुमारे दोन वर्षं लागली, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आईबाबांची बदली त्याआधीच येते.

दर मार्चला कोणीतरी परत जातं. सामान विकतात, वाटतात, उरलेलं मोठं सामान पैसे भरून टाकून देतात. ज्या टेबलावर आपण एकत्र गृहपाठ केला, तेही. त्या टेबलाची गिटार झाली तर मैत्रीण पुण्याला गेल्यावरही तिचं टेबल वर्गात वाजत राहील. ओचानोमिझूला असली गिटार मिळत नाही.

तेव्हा यंदा जाणाऱ्या घरांना विनंती: टाकायच्या आधी आम्हाला दाखवा. डाग, ओरखडे, शाई चालेल. कोपरा फुटला असेल तर आत डोकावून पाहा. भुसा दिसला तर नको.