बोहारणीचा हिशेब

युरोपीय संघातल्या देशांना १ जानेवारी २०२५ पासून जुने कपडे इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले. त्याचा खर्च कपडे विकणाऱ्या कंपन्यांनी सोसावा, असेही त्याच वर्षी ठरले. वाचताना मला आमच्या वाड्याच्या जिन्यावर बसणारी बोहारीण आठवली. एका पातेल्याला पाच साड्या, वर "ताई, एक पँट टाका की!" घासाघीस मीही केली आहे. ते कपडे धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून ती जुन्या बाजारात विकणार. पातेल्याचे भांडवल तिचे, कपडा खपला नाही तर तोटाही तिचाच. तिला कुणी पर्यावरणरक्षक म्हटले नाही.

उद्या इथेही कंपन्या जुने कपडे गोळा करू लागल्या, तर तिचे काय? पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. महापालिकेचा 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी करार झाला २००८ मध्ये. मध्ये पंधरा वर्षे गेली, आणि त्या बायांची संघटना होती! दारोदार एकट्याने फिरणाऱ्या बोहारणीने इतकी वर्षे कशी थांबायचे? म्हणून कपड्यांचे नियम इथे लिहायला घेतील, तेव्हा ओळखपत्र आणि गोळा करण्याची मजुरी या तिच्या दोन मागण्या पहिल्याच मसुद्यात असाव्यात, असा आग्रह आपण आत्तापासून धरू.